ऑक्सफर्डमध्ये शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींना खुलं पत्र: गाणं ऐकायला चला

प्रिय मुलामुलींनो,

विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. या गावात आहात तोवर कॉलेजांच्या आवारात होणाऱ्या कलागीतांच्या मैफलींना जा. एकदा जाऊन ‘बघून आलो’ म्हणू नका. टर्ममागून टर्म जा, आणि जमलं तर तीच ती गाणी वेगवेगळ्या गळ्यांतून ऐका.

हे पत्र लिहायचं कारणही सांगते. गणपतीला, दिवाळीला, संक्रांतीला तुम्ही भेटता. कुठलं कॉलेज, कुठला विषय, जेवणाचं काय करता, हे विचारून झालं की मी विचारते, इथं गाणं ऐकायला जाता का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि लंडनला येऊन गेलेल्या एखाद्या हिंदी पार्श्वगायकाचं नाव सांगतात. तिकिटाचा आकडा ऐकला की मी गप्प बसते. ज्या गाण्याबद्दल मी विचारत असते, ते तुमच्या खोलीपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असतं, आणि तिथं आपलं माणूस क्वचितच दिसतं. बहुतेक डोकी पांढरी. माझंही त्यात आलं.

कलागीत म्हणजे काय? कवीनं लिहिलेली कविता, तिला संगीतकारानं दिलेली चाल, आणि ती सादर करायला दोनच माणसं: एक गाणारं, एक पियानोवर. माइक नाही, नेपथ्य नाही, वाद्यवृंद नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषेत हा प्रकार बहरला, तिथं त्याला लीड म्हणतात. फ्रेंच, रशियन, इंग्रजीतही तो आहे. ऑपेराशी गल्लत करू नका. ऑपेरात पूर्ण नाटक असतं. इथं दोन-तीन मिनिटांत एक माणूस उभा राहतो, बोलतो आणि संपतो.

हॉलिवेल स्ट्रीटवरून तुम्ही सायकलनं रोज जाता, तिथं वॉडम कॉलेजच्या हद्दीत रस्त्याला लागून त्रिकोणी माथ्याची एक साधी इमारत आहे. प्रार्थनाघर असेल असं वाटून लोक पुढं जातात. ती हॉलिवेल म्युझिक रूम. १७४८ साली उघडलेली. केवळ गाण्या-वाजवण्यासाठी म्हणून बांधलेली युरोपातली सर्वांत जुनी वास्तू अशी तिची ख्याती. आत दोनशेच्या आसपास माणसं मावतात. म्हणजे गायकाचा श्वास ऐकू येतो. पियानिस्ट शोल्टो कायनॉक यांनी २००२ साली या गावात ऑक्सफर्ड लीडर (‘लीड’चं जर्मन अनेकवचन) हा गीतमहोत्सव सुरू केला, आता त्याला ऑक्सफर्ड इंटरनॅशनल साँग फेस्टिव्हल म्हणतात, आणि त्याचं मुख्य घर ही खोलीच. २०१४ च्या ऑक्टोबरात त्यांनी तीन आठवडे शूबर्ट हा एकच संगीतकार घेतला आणि त्याची सगळी गाणी, सहाशेच्या वर, एकामागून एक गाऊन घेतली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. असलं वेड या गावाला शोभतं.

महोत्सव ऑक्टोबरात असतो, आणि खरी अडचण तिथंच आहे. मायकेलमस टर्मचे, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सत्राचे, ते पहिले आठवडे. तुम्ही नवे, बँकेचं खातं उघडायचं असतं, विद्यापीठाचा काळा झगा आणला आहे की नाही ते बघायचं असतं, ट्यूटरनं पहिल्याच आठवड्यात निबंध टाकलेला असतो. त्यामुळे पहिलं वर्ष हुकतं, दुसऱ्या वर्षी आठवत नाही, आणि एक वर्षाची मास्टर्स करणाऱ्यांना दुसरं वर्षच नसतं. हरकत नाही. वर्षभर ठिकठिकाणी काही ना काही चालू असतं. सेंट हिल्डाज कॉलेजात चेलोवादक जॅकलिन दु प्रे यांच्या नावाची संगीत-इमारत आहे. अनेक कॉलेजांच्या चॅपलमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी विद्यार्थीच तासाभराचं गाणं करतात, त्याला बहुधा तिकीट नसतं. कॉलेजच्या दारावरच्या पोर्टरच्या खोलीबाहेरचा फलक वाचत चला. जिथं तिकीट असतं तिथं विद्यार्थ्यांना सवलत मिळते का, ते विचारायला लाजू नका.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला पुण्यात किंवा मुंबईत कुणी सांगितली नसण्याची शक्यता आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी जर्मनचे पहिले धडे मॅक्सम्युलर भवनात गिरवलेत. ज्यांच्या नावाचं ते भवन, ते मॅक्स म्युलर याच गावात राहिले, इथंच प्राध्यापक झाले. सायणभाष्यासह ऋग्वेदाची त्यांची आवृत्ती १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत सहा खंडांत निघाली, आणि तिच्या संस्कृत मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला मोक्षमूलर म्हणवून घेतलं. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली, तेव्हा त्यांना सोडावं म्हणून विलायतेतून जो अर्ज गेला, त्यावर यांची सही होती. तुरुंगात टिळकांना ऋग्वेदाची दुसरी आवृत्तीही यांनीच धाडली; टिळकांनी आपल्या आर्क्टिकविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख केला आहे. इथवर आपल्याला थोडंफार ठाऊक असतं.

त्यांचे वडील कोण, हे मात्र आपण विचारत नाही. वडील विल्हेल्म म्युलर, देसाऊ गावचे कवी आणि ग्रंथपाल. शूबर्टच्या दोन सर्वांत मोठ्या गीतमालिका याच माणसाच्या कवितांवर उभ्या आहेत: १८२३ मधली गिरणीवाल्याच्या पोरीची वीस गाणी आणि १८२७ मधली ‘विंटरराइजे’, हिवाळी प्रवासाची चोवीस. मुलाच्या नावातला ‘मॅक्स’सुद्धा संगीतातूनच आला आहे. संगीतकार वेबर हे त्याचे धर्मपिता, आणि वेबरच्या ऑपेरातल्या नायकाचं ते नाव.

तरुणपणी विल्हेल्मनं रोजनिशीत लिहून ठेवलं होतं की, मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, तरी कविता करताना मी गात असतो. शब्दांमागची चाल ऐकू येणारा कुणी समानधर्मा कधीतरी भेटेल आणि ती मला परत देईल. (‘कधीतरी माझा समानधर्मा जन्मेल’ म्हणणारा संस्कृत नाटककार भवभूती आठवला ना? मलाही.) तो समानधर्मा व्हिएन्नात होता, त्याहून दोन-सव्वादोन वर्षांनी लहान. दोघं कधी भेटले नाहीत. ‘विंटरराइजे’ची पहिली बारा गाणी शूबर्टनं १८२७ च्या फेब्रुवारीत केली, उरलेली बारा ऑक्टोबरात हाती घेतली. मधल्या काळात, ३० सप्टेंबरला, कवी तेहतिसावं वर्ष पुरं व्हायच्या आठवडाभर आधी गेला. घरात चार वर्षांचाही न झालेला मॅक्स होता. पुढच्या वर्षी १९ नोव्हेंबरला शूबर्टही गेला, एकतिसाव्या वर्षी. दुसऱ्या भागाची मुद्रितं तो आजारपणात अंथरुणावर तपासत होता.

मॅक्स म्युलर १९०० साली वारले. त्यांची कबर हॉलिवेल सेमेटरीत आहे, म्युझिक रूमपासून चालत काही मिनिटांवर. म्हणजे एकाच रस्त्याच्या आसपास बापाच्या कविता वर्षानुवर्षं गायल्या जातात आणि मुलगा पुरलेला आहे. आपल्याकडच्या वाचकांनी मुलाला डोक्यावर घेतलं, बापाला ऐकलंच नाही. तुम्हाला तर दोघं शेजारी मिळालेत.

ही झाली ओळख. पण नातं सांगून कुणी गाणं ऐकायला बसत नाही, गाणंच कानाला लागावं लागतं. म्हणून कुठून शिरायचं ते सांगते.

‘विंटरराइजे’चं शेवटचं, चोविसावं गाणं घ्या. गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा असलेला एक म्हातारा, हातात दांडा फिरवून वाजवायचं तारवाद्य. त्याची थाळी रिकामी, कुणी ऐकत नाही, कुत्री गुरगुरतात. या गाण्यात पियानोचा डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त षड्ज आणि पंचम धरून असतो. आपल्या तंबोऱ्याचे सूर. पाश्चात्त्य संगीतात स्वरसंवाद सतत हलत असतात, पुढं सरकत असतात; इथं सबंध गाणंभर पायाखालची जमीन हलत नाही. इथल्या श्रोत्यांना ते भयाण वाटतं, कारण त्यांच्या कानाला ही स्थिरता सवयीची नाही. आपल्याला ते आधी घरचं वाटतं आणि मग, शब्द कळू लागले की, जास्तच भयाण वाटतं. हा अनुभव आपल्याच कानांचा आहे, तो तुम्हाला इथला कुठलाही प्राध्यापक देऊ शकणार नाही.

मग मागं या. १८१४ मध्ये सतरा वर्षांच्या शूबर्टनं गटेच्या ‘फाउस्ट’मधल्या ग्रेट्शेनचं गाणं केलं. पोरगी चरख्यावर सूत कातते आहे आणि प्रियकर आठवते आहे. पियानोच्या उजव्या हातात चरखा गरगरतो. त्याच्या चुंबनाची आठवण येते तिथं चरखा थांबतो. गाणंही थांबतं. मग तो अडखळत, पुन्हा अडखळत सुरू होतो. ‘आता ती भानावर आली’ असं कवितेत कुठं लिहिलेलं नाही, ते पियानो सांगतो. पुढच्याच वर्षी त्यानं ‘एर्लक्योनिग’ केलं: रात्री घोड्यावरून आजारी मुलाला घेऊन निघालेला बाप, आणि मुलाला बोलावणारा अदृश्य वनराजा. निवेदक, बाप, मुलगा, वनराजा हे चौघंही एकाच गायकाला व्हायचं असतं, पोशाख न बदलता. खाली पियानिस्टचा उजवा हात अखंड टापा वाजवत असतो. या गाण्यानं मनगटं दुखून आलेले पियानिस्ट या गावात पुष्कळ सापडतील.

यातून एक लक्षात येईल. पियानो इथं साथीला नाही. आपली पेटी गायकाच्या मागोमाग जाते, तो जे म्हणतो ते उचलते. उत्तम पेटीवाला तो, जो आडवा येत नाही. इथं पियानोचं स्वतःचं म्हणणं असतं आणि कधी ते गायकाच्या विरुद्धही असतं. जर्मन संगीतकार शूमाननं १८४० या एका वर्षात शंभराहून जास्त गाणी लिहिली, त्यांतल्या हाइनेच्या कवितांवरच्या सोळा गाण्यांच्या मालिकेत तर शेवटचा शब्द गायकाचा नसतोच. कवी आपलं प्रेम एका प्रचंड शवपेटीत घालून समुद्रात बुडवतो, जरा फुशारकीनंच. गायक गप्प होतो आणि पियानो एकटाच बराच वेळ मऊपणानं काहीतरी बोलत राहतो. फुशारकी खोटी होती हे तेव्हा कळतं. त्या वेळी गायक नुसता उभा असतो. तो कसा उभा राहतो, यावरून मी त्याला जोखते.

त्याच मालिकेचं पहिलं गाणं, मे महिन्यातल्या कळ्यांचं, षड्जावर न्यास न करताच सुटतं. तुम्ही घरी येईपर्यंत ते डोक्यात लोंबकळत राहतं. आपल्या मैफलीत असं कुणी केलं तर श्रोते उठून विचारतील.

तुमच्यातले ख्याल ऐकणारे इथं तक्रार करतील, हे मला माहीत आहे. विस्तार नाही, उपज नाही, सगळं छापील. दोन मिनिटांत काय होणार? तक्रार खरी आहे आणि ती घेऊनच या. पण भावगीतावर वाढलेल्यांना ही वाट अनोळखी नाही. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले आणि त्यांच्या कविता पुढं वसंत प्रभूंच्या चालींत लताबाईंच्या गळ्यातून घरोघरी पोचल्या. कवितेला तिच्या कवीपश्चात आवाज मिळाला. म्युलरच्या बाबतीत झालं ते याहून फार वेगळं नव्हे.

फरक पुढं पडतो, आणि माझा मुद्दा या फरकातच आहे. आपल्याकडं एकदा तबकडी निघाली की गाणं त्या आवाजाचं होऊन बसतं. नंतरचा प्रत्येक गाणारा नक्कल करणारा ठरतो. मूळच्या जागा हुबेहूब घेतल्या की टाळी, नाही घेतल्या की ‘मूळ गाण्याची मजा नाही’. शूबर्टच्या गाण्याला असा मूळ आवाजच नाही. ‘विंटरराइजे’ उंच पुरुषी आवाजासाठी लिहिलं गेलं, पण पट्टी खाली आणून ते बहुतेकदा खर्जातले बॅरिटोन गातात. लोटे लेमान यांनी १९४० च्या सुमारास ते बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, आज त्याचं कुणाला नवल वाटत नाही. स्वर तेच, शब्द तेच, एकही जागा इकडची तिकडे करायची नाही, आणि तरी एक गायक त्या प्रवाशाला रडवा करतो, दुसरा संतापी, तिसरी त्याला थंडपणे वेडाकडे नेते. हे एका बैठकीत कळत नाही. यूट्यूबवर लागोपाठ तीन लावूनही नीट कळत नाही, कारण पहिल्या मिनिटातच आपण ‘आवडता’ निवडून मोकळे होतो. टर्म मध्ये जाते, तुम्हाला फेब्रुवारीत परीक्षेचा ताण असतो, मे महिन्यात कुणीतरी सोडून गेलेलं असतं, आणि तेच गाणं तिसऱ्या गळ्यातून येतं. गावात मैफली अशा ओळीनं होतात, त्याचा उपयोग हा.

शूबर्टच्या मित्रांनाही ‘विंटरराइजे’ पहिल्यांदा रुचलं नव्हतं. त्यानं स्वतः गाऊन दाखवलं, तर मंडळी तो काळोख ऐकून गोंधळली. एकाला त्यातलं लिंडनच्या झाडाचं तेवढं आवडलं. शूबर्ट म्हणाला, मला ही इतर सगळ्यांपेक्षा जास्त आवडतात, तुम्हालाही आवडू लागतील. तेव्हा पहिल्या वेळी कंटाळा आला तर तुम्ही शूबर्टच्या दोस्तांच्या पंगतीत आहात, त्यात कमीपणा नाही.

रीतीरिवाजांची धास्ती घेऊ नका. कपड्यांचं काही नाही, जीन्स चालते. दारात एक पत्रिका मिळेल, तीत मूळ कविता आणि शेजारी इंग्रजी अर्थ असतो. ती आधी वाचून घ्या आणि पान उलटायचं ते गाणं संपल्यावर. गाण्यांच्या गटाअखेर किंवा मालिका पूर्ण झाल्यावरच टाळ्या. हे आपल्याला जड जातं. चांगली जागा आली की हात आपोआप वर जातो, तोंडातून ‘वा’ निघतं. माझंही निघतं, मी ते गिळते, आणि खरं सांगायचं तर ही इथली शिस्त मला आजही पुरती पटलेली नाही. दाद घशात अडकवून बसायला कुणी शिकवलं यांना? पण घर त्यांचं आहे. खोकला मात्र सगळे दोन गाण्यांमधल्या फटीत एकदमच काढतात, तो ऐकण्यासारखा असतो.

‘हे त्यांचं आहे, आपलं नव्हे’ असंही कुणी म्हणेल. पॅट्रिशिया रोझारिओ मुंबईच्या, लंडनला शिकायला आल्या आणि याच दुनियेत सोप्रानो म्हणून नावारूपाला आल्या. पुढं त्यांनी भारतात जाऊन तिथल्या मुलांना गळा शिकवण्याचं कामही हाती घेतलं. आणि तुमच्यातल्या कितीजणांनी दादर, वांद्रे, कोथरूड, मडगाव इथं लहानपणी पियानोच्या ग्रेडच्या परीक्षा दिल्यात? पाचवी-सहावी ग्रेड झाली आणि दहावीच्या वर्षात पियानोवर कपडे वाळत पडले, असंच ना? कॉलेजांत गाणाऱ्या मुलांना साथीला पियानिस्ट नेहमी कमी पडतात. सराव करायला कॉलेजाकडं पियानोची खोली असते, ती मागून घ्या. ग्रेट्शेनचा चरखा लगेच जमणार नाही, पण म्हाताऱ्याचं ते षड्ज-पंचमाचं गाणं बोटांना तसं सोपं आहे. अवघड आहे ते दुसरंच, ते वाजवताना कळेल.

आपल्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनाही एक सांगणं. दिवाळीच्या हॉलचं आरक्षण तुम्ही सहा महिने आधी करता. त्याच वेळी ऑक्टोबरातल्या एका मैफलीची दहा-बारा तिकिटंही काढून ठेवा आणि नव्यानं आलेल्या मुलांना वर्गणीची पावती देताना त्यांतलं एकेक हातात द्या. बिर्याणीच्या बजेटातून निघतील.

मी डाव्या बाजूला, पियानिस्टचे हात दिसतील अशा जागी बसते. शेजारची खुर्ची रिकामी दिसली तर येऊन बसा. मध्यंतरात मराठीत बोलू, हळू आवाजात.

तुमची,
ऑक्सफर्डमधली एक जुनी रहिवासी